दवाखान्याचे नऊ लॅपटॉप

पोमाच्या टेबलावर आलेला कुठलाही जुना लॅपटॉप आधी पालथा पडायचा. मागचे स्क्रू काढून ती फॅनमधली धूळ ब्लोअरने उडवायची, चिपवरची वाळून कडक झालेली पेस्ट खरवडून नवी लावायची, मग दात घासायचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक बटण घासत बसायची. झाकणावरचे स्टिकर रॉकेलच्या बोळ्याने निघायचे. बॅटरी फुगलेली दिसली की ती सरळ बाजूच्या डब्यात. आणि शेवटी डिस्क.

डिस्कच्या बाबतीत ती हट्टी होती. आमच्या अडूम बाजारातल्या गल्लीत बाकीचे लोक दहा मिनिटांत डिस्क साफ करतात. साफ म्हणजे वरवर. जाणकार माणूस बसला तर सगळं परत बाहेर काढतो. पोमा ती पूर्ण पुसायची. तीन-तीन तास मशीन चालू. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

मी क्वाबेना. तिच्या शेजारच्या टेबलावर चार्जर दुरुस्त करतो. अकरा वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलोय. मी तिला चिडवायचो, "अगं, गिऱ्हाईक काय डिस्कचा वास घेऊन बघणार आहे?"

ती म्हणायची, "चार्जर मास्टर, घरातला पलंग विकताना तुम्ही चादरीसकट देता का?"

पोमा चाळिशीची. आधी एका शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होती. ती नोकरी गेल्यावर हे काम तिने स्वतः बघून बघून शिकून घेतलं. बोलायला गोड, पण खोटं वागणारा माणूस समोर आला की तिच्या कपाळावर एक शीर उठायची. ती शीर दिसली की मी माझा सोल्डरिंगचा रॉड खाली ठेवायचो.

त्या मंगळवारी बोआसियाको आला. हा आमच्या गल्लीला माल पुरवणारा. ऑफिसं, कंपन्या जुनी मशीन मोडीत काढतात ती हा घाऊक उचलतो, आमच्याकडून तयार करून घेतो आणि विकतो. त्याने तिच्यासमोर एक काळा लॅपटॉप ठेवला.

"दवाखान्याचा माल आहे, पोमा. एकूण नऊ. हा पहिला तुझ्याकडे. लवकर कर, गिऱ्हाईक थांबलंय."

स्क्रीन धड आहे का, बटणं चालतात का, हे बघायला तिने तो चालू केला. पासवर्ड मागितलाच नाही. आपोआप एक तक्ता उघडला. मी त्या वेळी तोंडात केंकेचा, आंबवलेल्या मक्याच्या उंड्याचा, घास घेऊन बसलो होतो. पोमाने खाडकन झाकण बंद केलं. इतक्या जोरात, की स्पिरिटची बाटली आडवी झाली.

"काय झालं? शॉक बसला?"

तिने बाटली उभी केली. कपाळावर शीर उठली होती.

थोड्या वेळाने माझ्याकडे वाकून, ओठही न हलवता म्हणाली, "मास्टर, यात नावं आहेत. नाव, फोन नंबर, राहायचं ठिकाण. दर महिन्याला औषध न्यायला येणाऱ्यांची. एचआयव्हीच्या विभागातलं रजिस्टर आहे हे."

"मग पुसून टाक. तुझं कामच ते."

"आणि बाकीचे आठ?"

"ते तुझ्या टेबलावर नाहीत."

"यातलं एक नाव मी ओळखते," ती म्हणाली. "रोजच्या भेटीतलं माणूस आहे."

कुणाचं, ते तिने मला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि आजपर्यंत नाही. आणि मला कबूल करायला हवं, की पुढचा तासभर मी गल्लीतल्या प्रत्येकाकडे निरखून बघत होतो. केंके विकणारी बारीक झालीये का? समोरचा मोबाइलवाला मागच्या महिन्यात कुठे गायब होता? मग माझी मलाच शिसारी आली. मी, जो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो, तो एका तासात असा झालो. ज्याला खरोखर कुणाचं वाईट करायचंय त्याच्या हातात ही यादी पडली तर?

पोमा बोआसियाकोच्या दुकानात गेली. मीही मागे गेलो.

"नावं वाचायला तुला कुणी सांगितलं होतं?" तो हसत म्हणाला. "तू बटणं घास."

"मी वाचली नाहीत, ती समोर आली. बाकीचे आठ कुठे आहेत?"

"पाच माझ्या मागच्या खोलीत. दोन गल्लीत कामाला दिलेत. एक सकाळीच विकला."

"तसाच? न पुसता?"

"गिऱ्हाईक घाईत होतं."

"कोण होतं?"

"मी काय लग्नाची बोलणी करत होतो, नाव-गाव विचारायला? टोपीवाला एक माणूस. घेतला आणि गेला."

"बोआसियाको, लोकांच्या घरात आग लावायचं सामान विकलंस तू."

"मी लॅपटॉप विकला," तो म्हणाला. "आग लागली तर दवाखान्याला विचार."

"तेच करते," पोमा म्हणाली. तिने तो काळा लॅपटॉप आपल्या कापडात बाळासारखा गुंडाळला आणि ट्रोट्रो, म्हणजे शेअरिंगची मिनीबस, पकडायला निघाली. एवढा वेळ तिला गप्प राहायला सांगणारा मी, का कोण जाणे, दुकान शेजाऱ्याला सांभाळायला सांगून तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

दवाखाना खासगी. पुढच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं बाकांवर बसलेली. कारभार बघणारे मिस्टर असामानी काचेच्या खोलीत होते, पण आम्हाला आत बोलवायची तसदी त्यांनी घेतली नाही. दारातच उभे राहून म्हणाले, "बोला."

पोमा अगदी हळू म्हणाली, "साहेब, आत बसून बोलूया का? तुम्ही विकलेल्या मशीनमध्ये पेशंटांची माहिती राहिलीये."

"अशक्य." त्यांचा आवाज मोठा. "आमची सगळी मशीन साफ करून दिलीत."

"साहेब, जरा हळू. नऊमधला एक तर बाहेर विकलाही गेलाय. तुम्ही तुमच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या, की सगळे परत बोलवा. बाजारात आमचं कुणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील."

असामानींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिच्या नखांत रॉकेलचा काळा मळ होता.

"किती हवेत?"

"काय किती?"

"पैसेच ना? त्यासाठीच आलीस ना? मशीन फोडायचं, आत घुसायचं आणि मग धमकी द्यायला यायचं. तुम्हा बाजारातल्या लोकांना मी ओळखून आहे."

मी पोमाला अकरा वर्षं ओळखतो. तिने एकदा तिप्पट अंगाच्या हमालाला गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं होतं. मला वाटलं, आता हा हॉल दणाणणार. पण ती ओरडली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आवाज होता कुजबुजीएवढा. मग माझ्या लक्षात आलं. ती ओरडू शकत नव्हती. त्या बाकांवर कोण कोण बसलंय हे तिला माहीत नव्हतं. यादीतली माणसं तिथेच बसलेली असू शकत होती. हॉलभर बातमी झाली असती, की इथलं रजिस्टर बाजारात फिरतंय, तर त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली असती. आणि असामानींना हे पुरतं कळत होतं. म्हणूनच तो माणूस इतक्या निर्धास्तपणे आवाज चढवत होता.

"तो लॅपटॉप इकडे दे. दवाखान्याची मालमत्ता आहे ती."

"तुम्ही ती विकलीत," पोमा म्हणाली. "आठ परत आणायचं पत्र द्या, मग नववा घ्या."

त्यांनी पोलिसांना फोन केला.

पोलीस आम्हाला फाटकातून नेत असताना पांढऱ्या गणवेशातली एक नर्स धावत मागे आली. पन्नाशीची असेल. नंतर कळलं, तिचं नाव तिवा. तिने पोमाच्या हातातल्या गाठोड्याकडे बोट केलं.

"झाकणावर निळा स्टिकर आहे का? कोपरा फाटलेला?"

"आहे."

नर्सने तोंडावर हात दाबला. ती तशीच आत पळाली. आम्हाला वाटलं, घाबरली बिचारी.

चौकीत इन्स्पेक्टर लारिबा होत्या. उंच, शांत बाई. त्यांनी असामानींची पोमाविरुद्धची तक्रार वाचली आणि पोमाला म्हणाल्या, "उघडून दाखव."

"नाही दाखवणार."

"तूच म्हणतेस, आत पुरावा आहे. मग दाखव की."

"मॅडम, तुम्ही कुठे राहता?"

"तुला काय करायचंय?"

"याच शहरात राहता ना? यात तुमच्या शेजारणीचं नाव असेल. तुमच्या या हवालदाराच्या बहिणीचं असेल. एकदा वाचलं की तुम्हाला ते न वाचलेलं करता येणार नाही. मी वाचलंय, मला विचारा. आज सकाळपासून मी एका माणसाकडे धड बघू शकत नाहीये, आणि त्या माणसाचा काहीही दोष नाही."

हवालदार पुढे सरकला. "मॅडम, मी घेऊ का हिसकावून?"

"बस तू," लारिबा म्हणाल्या. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "बाई, पुरावा नाही तोवर मी तुला सोडू शकत नाही. त्या बाकावर बस. गाठोडं तुझ्याच मांडीवर ठेव. त्याला कुणी हात लावणार नाही."

पोमा माझ्याकडे वळली. "मास्टर, इथे बसून काय करताय? ते पाच लॅपटॉप बोआसियाको संध्याकाळपर्यंत विकून मोकळा होईल."

आता माझंही डोकं भणभणलं होतं. मी सरळ वोफा ओबेंगकडे गेलो. वोफा म्हणजे मामा. सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणते. आमच्या संघटनेचे अध्यक्ष, वय सत्तर, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. मी सगळं सांगितलं. त्यांनी काठी उचलली.

बोआसियाको दारातच आडवा आला. "वोफा, हा माझा माल आहे. मी रोख मोजून घेतलाय."

"तुझाच आहे. मी कुठे माझा म्हणालो?"

"मग काठी कशाला आणलीत?"

"तुला नाही मारणार, गुडघ्यांसाठी आहे. माझ्या कमरेएवढा होतास तेव्हा तुझी आई याच गल्लीत टोमॅटो विकायची. तेव्हा तिच्याबद्दल लोक काय काय बोलायचे, आठवतं? एका नुसत्या अफवेवरून? सहा महिने तिचा टोमॅटो कुणी घेतला नव्हता."

बोआसियाकोचा चेहरा उतरला. "तिचं नाव काढू नका."

"मी काढत नाही. त्या पाच डब्यांत कुणाकुणाच्या आयांची नावं आहेत, ते तुलाही ठाऊक नाही. किल्ली दे."

त्याने किल्ली दिली नाही. स्वतःच जाऊन खोली उघडली. पाचही लॅपटॉप बाहेर आणून ठेवले आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. गल्लीतले दोन मी टेबलांवरून उचलून आणले. त्यातल्या एकाची वरवरची सफाई झालीच होती. काम करणाऱ्याने मला शिव्याही घातल्या. मी त्या ऐकून घेतल्या. टोपीवाल्या माणसाचा शोध घेत आम्ही बसस्टँडपर्यंत जाऊन आलो. तिथे शेकडो टोप्या होत्या.

चार वाजता मी चौकीत परतलो. पोमा तशीच बसलेली. पाणीसुद्धा प्यायली नव्हती, कारण उठायचं तर गाठोडं कुणाकडे तरी द्यावं लागलं असतं. मी तिला पाण्याची पिशवी फाडून दिली.

तेवढ्यात नर्स तिवा आत आली. गणवेश तोच, हातात घडी केलेला कागद. तिने तो इन्स्पेक्टरांसमोर ठेवला.

"मॅडम, ही माझ्या अर्जाची प्रत. जुने लॅपटॉप विकण्याआधी डिस्क काढून माझ्यासमोर फोडाव्यात, असं मी लिहून दिलं होतं. कारणही लिहिलं होतं. खाली मिस्टर असामानींची सही बघा. वर शेरा आहे: 'डिस्कशिवाय भाव येत नाही. आहेत तशा विकाव्यात.'"

लारिबांनी कागद दोनदा वाचला.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला सांगितलं गेलं होतं, की नंतर साफ केल्यात. मी विश्वास ठेवला." तिवाने त्या सहीवर बोट ठेवलं. "मॅडम, त्या रजिस्टरमधलं एकेक नाव मी स्वतःच्या हाताने भरलंय. लोक नाव सांगायला तयार नसतात. खोटी नावं सांगतात. नऊ-नऊ महिने गोड बोलून मी खरं नाव काढून घेतलं, कारण खऱ्या नावाशिवाय औषधाचा हिशेब लागत नाही. प्रत्येकाला म्हटलं, माझ्याबाहेर जाणार नाही. आणि यांनी ते बाजारात मांडलं. भाव यावा म्हणून!"

पोमा बाकावरून उठली आणि तिवाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

लॅपटॉप न उघडताच पुरावा मिळाला होता. लारिबांनी असामानींना बोलावणं पाठवलं. ते आले वकिलाला घेऊन, आणि आता त्यांचा आवाज साय धरलेल्या दुधासारखा.

"पोमाबाई, गैरसमज झाला. तुम्ही फक्त या कागदावर सही करा, प्रकरण इथेच मिटवू."

पोमाने कागद वाचला. टायपिस्ट होती ती. कागद वाचायची तिला सवय. त्यात लिहिलं होतं, की खाली सही करणाऱ्या व्यक्तीने सदर मशीनमध्ये पेशंटांची कोणतीही माहिती पाहिलेली नाही.

दिवसभर दाबून धरलेला आवाज तिने आता सोडला. चौकीत पेशंट कुणी नव्हते.

"पाहिली!" ती ओरडली. खिडकीतली कबुतरं उडाली. "मी पाहिली! तुम्ही दाखवलीत म्हणून पाहिली! सकाळी मला चोर म्हणालात, संध्याकाळी मला आंधळी करायला निघालात? मी सही करणार नाही. सही तुम्ही करा. ज्यांची नावं आहेत त्या एकेकाला समोर बसवून सांगा, की तुमचं नाव आम्ही विकलं. मग माझ्याकडे या!"

वकील तिला शांत करू लागला. लारिबा त्याला म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना. दिवसभर गप्प होत्या."

दुसऱ्या दिवशी आठही लॅपटॉप पोमाच्या टेबलावर आले. तिवा रजा टाकून दिवसभर समोर बसली. चौकीतून एक हवालदार आला होता, तोही. वीज दोनदा गेली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात झाली. पोमाने आधी आठही डिस्क कोऱ्या केल्या, मग बाहेर काढून हातोडीने फोडल्या. बोआसियाको लांबून बघत होता. डिस्कशिवाय त्याच्या मालाचा भाव पडणार होता. पण तो आला आणि म्हणाला, "हातोडी दे, ती तिसरी नीट फुटली नाही."

पेशंटांना कळवायला दवाखान्याने साफ नकार दिला. नाव खराब होईल म्हणे. कुणाचं, ते आम्हाला समजलं. मग तिवाने ते स्वतः केलं. जो जो औषध न्यायला आला त्याला खोलीत नेऊन, दार लावून, खरं ते सांगितलं. महिनाभर चाललं हे. बरेच जण गप्प ऐकून गेले. एक बाई तिच्या अंगावर धावून आली. तिघे पुन्हा फिरकलेच नाहीत. तिवा त्यांच्या दारापर्यंत गेली, त्यांतल्या दोघांना परत घेऊन आली. शिस्तभंगाची नोटीस आली ती तिवाला. असामानींना नाही.

त्या महिन्यात एके दुपारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस पोमाच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात लॅपटॉप नव्हता.

"ते रजिस्टर तुम्ही वाचलंत?"

पोमाने ब्रश खाली ठेवला. "एक पान समोर आलं होतं. मी झाकण बंद केलं."

"माझं नाव होतं त्यात?"

"मला तुमचं नाव माहीत नाही. आणि तुम्ही मला सांगू नका."

तो तसाच उभा राहिला. त्याला रडायचं होतं की भांडायचं होतं, कळत नव्हतं. पोमाने पायाने स्टूल पुढे ढकललं. तो बसला. मी केंके आणि तळलेली मासळी मागवली, तिघांसाठी. खाताना त्याने पावसाबद्दल, फुटबॉलबद्दल बोलायचा प्रयत्न केला. जाताना म्हणाला, "त्या माणसाचं काय झालं? ज्याने विकलं?"

"अजून खुर्चीवर आहे," पोमा म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी सरकारकडे तक्रार पाठवलीये, राजधानीला, अक्र्याला. दोनदा. आज तिसरी टाइप करतेय."

तिसऱ्या तक्रारीलाही तिला तेच छापील उत्तर आलं, की आपला अर्ज मिळाला. विकलेल्या लॅपटॉपचा अजून पत्ता नाही. तो टोपीवाला माणूस कुठल्या गावी गेला, त्याने मशीन उघडलं का, त्याला काय दिसलं, हे आम्हाला कधी कळेल की नाही कोण जाणे. मागच्या आठवड्यात दवाखान्याने रस्त्यावर मोठा फलक लावलाय: 'आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित.' आमची ट्रोट्रो त्याच्या खालून जाते. फलक आला की पोमा खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला जे म्हणते, ते ऐकून ड्रायव्हरसुद्धा खाली मान घालतो.

चौथी तक्रार तिने परवा पाठवली. या वेळी खाली चार सह्या आहेत: तिची, तिवाची, वोफांची आणि माझी. पाचवी बोआसियाकोची होणार होती. तो म्हणाला, विचार करून सांगतो. अजून विचार चालू आहे.